वाट आणि वीट

मराठीत आपण माणसाची वाट पाहतो. हा प्रयोग बोलण्यात इतका रुळून गेला आहे की, त्यात नेमके काय म्हटले आहे इकडे आपले लक्षच जात नाही. पाहायचे असते माणसाला. पण माणूस अजून यायचा असतो. मग डोळ्यांना एकच काम उरते. तो ज्या रस्त्याने येणार, तो रस्ता पाहत बसायचे. वाट म्हणजे रस्ता. येणाऱ्याच्या ऐवजी त्याचा रस्ताच डोळ्यांत साठवायचा, ही कल्पना ज्या कोणा अनाम मराठी माणसाला प्रथम सुचली असेल, त्याने आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली असली पाहिजे. बहुधा ती बाईच असावी.

पण आपल्या भाषेजवळ या एकाच शब्दाची पुंजी नाही. कोणी यायचे म्हणून आपण वाट पाहतो, पण काम अडले की आपला खोळंबा होतो. उभे राहून पाय दुखू लागले आणि तरी जाता येत नसले, की आपण ताटकळतो. आणि कोणा मोठ्या माणसाने दाराबाहेर थांबवून ठेवले, की आपण तिष्ठत बसतो. हा शेवटचा शब्द मोठा मजेचा आहे. त्याच्या मुळाशी उभे राहण्याचा संस्कृत धातू आहे. तरीही आपण तिष्ठत ‘बसतो’. शरीर बाकावर टेकलेले असते, पण मन हात जोडून उभे असते, हे भाषेने बरोबर ओळखले आहे. वाट पाहण्यात माया आहे, खोळंब्यात त्रागा आहे, ताटकळण्यात दमणूक आहे आणि तिष्ठण्यात अपमान आहे. घड्याळाच्या हिशेबाने चौघांचा काळ सारखाच, समजा एक तास. मग एकाच तासाचे असे चार निरनिराळे तास कशाने होतात? या लेखात मला विचार करायचा आहे तो याच प्रश्नाचा.

या चारही शब्दांचे अर्थ एका जागी पाहायचे असतील, तर आमच्या मूर्तिजापूरच्या स्टेशनासारखी जागा नाही. १८६७ साली भुसावळहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत गेली, आणि त्या वाटेवर हे गाव आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी येथून दोन बाजूंना अडीच फूट रुंदीचे चिमुकले रूळ पडले. एक फाटा बनोसा, अंजनगावकडून अचलपूरला गेला, शहात्तर किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला, एकशे तेरा किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रजी व्यापारी पेढीने हा मार्ग वऱ्हाडचा कापूस गोळा करण्यासाठी घातला. स्वातंत्र्य आले, मोठ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या रुळांची मालकी मात्र खाजगी कंपनीकडेच राहिली. लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटले. मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत तिला ओढीत होते. कापूस नेण्यासाठी आलेली ही गाडी पुढे माणसांचीच झाली. बाजाराला जाणारे, लग्नाला जाणारे, कोर्टाच्या तारखेला जाणारे आणि बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीबाळी यांची.

जंक्शन म्हणजे दोन गाड्यांच्या मधली वेळ. मुंबईकडून येणारा उतारू पहाटे उतरे आणि शकुंतला उजाडल्यावर केव्हा तरी निघे. तिचा स्वभाव तर सगळ्यांना ठाऊकच होता. शहात्तर किलोमीटरला चार-चार तास. वाटेत फाटक आले की गाडीतलाच माणूस खाली उतरून ते लावी आणि गाडी पुढे गेल्यावर पुन्हा उघडी. त्यामुळे मूर्तिजापूरच्या फलाटावर माणसे बसून असत. कोणी बोचक्याला टेकलेले, कोणी वर्तमानपत्र अंथरून आडवे झालेले. आणि बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने, “कोन्या गावचे जी तुम्ही?” असे विचारले नाही, असे कधी होत नसे. त्या एका प्रश्नातून गाव निघे, गावातून आडनाव, आडनावातून सोयरीक. आणि गाडी येईपर्यंत दोन अनोळखी माणसे एकमेकांची दूरची मेहुणी निघत. शिदोरी सुटे. ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा या हातातून त्या हातात जाई. गाडी उशिरा आल्याबद्दल जेवढी कुरकुर होई, तेवढीच ती आल्यावर अर्धवट राहिलेल्या गोष्टीबद्दल चुटपुट लागे.

परंतु हे चित्र असेच रंगवून सोडले तर ते खोटे ठरेल. जुन्या दिवसांचे सारेच गोड मानण्याची आपल्याला सवय असते. त्याच स्टेशनांवर वरच्या वर्गाच्या उतारूंना वेताच्या खुर्च्या असत आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना दगडी फरशी. गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील हाल स्वतः भोगून १९१७ साली त्यांवर लिहिले. तो वर्ग नावापुरता का होईना, बंद व्हायला १९७४ साल उजाडले. आणि वर्गाच्या या भेदाहूनही खोल असा एक भेद होता, त्याची कथा दुसऱ्या एका स्टेशनावर घडलेली आहे.

हे स्टेशन आपल्या वऱ्हाडातले नव्हे, सातारकडचे. नाव मसूर, साल १९०१. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले अशी बालमंडळी तेथे संध्याकाळी गाडीतून उतरली. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर नोकरीस होते. ते घ्यायला येतील म्हणून मुले नवे कपडे घालून मोठ्या हौसेने निघाली होती. पण मुलांचे पत्र वडिलांना वेळेवर मिळालेच नव्हते. कोणी आले नाही. फलाट रिकामा झाला, तास उलटून गेला. स्टेशनमास्तर जवळ आला आणि त्याने आपुलकीने विचारपूस केली. कोण, कुठले, असे विचारता विचारता मुले महाराची आहेत असे कळले. आणि त्याचा चेहरा क्षणात पालटला. तो मागे सरकला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे कबूल केले तरी कोणी त्यांना बसवून न्यायला तयार होईना. अखेर तोडगा निघाला तो असा की, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बरोबर चालायचे. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे त्यांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहिल्या, त्यांत ही पहिली आहे. त्या टिपणाला ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे नाव आहे. आपल्याच देशात, आपल्याच जिल्ह्याच्या स्टेशनावर परवान्याची वाट पाहत बसलेला मुलगा! हे नाव वाचले की पुढचे काही वाचण्याआधीच मान खाली जाते.

मूर्तिजापूरच्या बाकावरचा “कोन्या गावचे?” आणि मसूरच्या फलाटावरचा “तुम्ही कोण?” हे दोन्ही प्रश्न वरवर सारखेच आहेत. एकाने शिदोरी सुटते, दुसऱ्याने पाठ फिरते. तेव्हा तास कसा जातो हे केवळ घड्याळावर अवलंबून नसते, हे उघडच आहे. आपल्या थांबण्याची कोणाला दखल आहे की नाही, यावर ते ठरते. आपण थांबलो आहोत हे कोणाला तरी ठाऊक आहे, कोणाला तरी त्याचे काही वाटते आहे, एवढी खात्री असली की माणूस रात्रभर फलाटावर काढतो. ती खात्री गेली की दहा मिनिटांतही तो तिष्ठू लागतो.

आता जरा निराळ्या बाजूने पाहू. काळ सर्वांना सारखा मिळाला आहे, असे आपण म्हणतो. राजाचा दिवसही चोवीस तासांचा आणि रंकाचाही. पण जगात वावरताना दिसते ते वेगळेच. काहींचा वेळ राखला जातो आणि काहींचा वेळ खर्च केला जातो. ज्याच्या हाती सत्ता, त्याचा वेळ राखण्यासाठी शंभर माणसे आपला वेळ उधळीत दाराशी बसतात. कोण कोणासाठी थांबतो एवढे पाहिले, की त्या घरात, कचेरीत किंवा गावात सत्ता कोणाकडे आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. आमच्या भागात १९७२ साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटावा हा तिचा हेतू चांगलाच होता. पण हंगामात खरेदी केंद्रांबाहेर कापसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगा लागत, आणि त्या रांगांत शेतकऱ्याच्या थंडीतल्या रात्री जात. बैल जूवाखालून सोडलेले, गाडीखाली शेकोटी, अंगावर घोंगडी. माप झाले की मग चुकाऱ्याची वाट. मृग लागला की पावसाची वाट तो बिनतक्रार पाहतो, कारण आभाळ कोणाचे ओशाळे नाही. ते पाटलाच्या वावरावर आधी आणि कुळाच्या वावरावर मागाहून, असे पडत नाही. माणसाने लावलेल्या रांगेचे तसे नसते. निसर्ग थांबवतो तेव्हा आपण वाट पाहतो, माणूस थांबवतो तेव्हा आपण तिष्ठतो. आणि म्हणूनच थांबवणे ही नीतीच्या प्रांतातली गोष्ट आहे. दुसऱ्याचा पैसा घेतला तर परत करता येतो. दुसऱ्याचा तास घेतला तर तो कोणत्या तिजोरीतून परत द्यायचा?

हल्ली या प्रश्नावर पैशाचा एक तोडगा निघाला आहे. तो पाहायचा असेल तर विमानतळावर गेले पाहिजे. आमच्या मुलुखाला हे आता परके राहिलेले नाही. अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली; आणि त्याआधीपासून नागपूर-मुंबईमार्गे अमेरिकेची, जर्मनीची वाट वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना पाठ झालेली आहे. लांबच्या विमानासाठी तीन तास आधी जावे लागते. म्हणजे गाडी वेळेवर असली तरी तीन तासांचा खोळंबा तिकिटातच लिहिलेला. हे तीन तास सुखाचे जावेत म्हणून तेथे लाऊंज नावाचे दालन असते. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीने असे पहिले दालन उघडले, तेव्हा तेथे निवडक प्रतिष्ठितांना निमंत्रणानेच प्रवेश होता. आता महागडे तिकीट किंवा बँकेचे विशिष्ट कार्ड दाखवले की दार उघडते.

मागच्या वर्षी मुलाने काढून दिलेल्या तिकिटात ही सोय होती, म्हणून मी मुंबईच्या विमानतळावर अशा दालनात दीड तास बसलो. तक्रार करावी असे तेथे काही नव्हते. खुर्च्या मऊ, उजेड मंद, खायला-प्यायला पाहिजे तितके. माणसे पुष्कळ होती, पण प्रत्येकाने आपल्याभोवती एक अदृश्य भिंत बांधून घेतली होती. कोणी कोणाला “कोन्या गावचे?” म्हणून विचारीत नव्हते. विचारले असते तर बहुधा उद्धटपणा ठरला असता. बाहेर कोठे पाहावे, तर पाहण्यासारखी वाटही नव्हती. एका पाटीवर विमानांचे आकडे सरकत होते, तेवढेच. सुख होते, पण कशाचे तरी विस्मरण व्हावे तसे ते सुख होते. आपण थांबलो आहोत हेच विसरायला लावणे, हे त्या दालनाचे खरे काम असावे.

मग मी उठून खाली फाटकाजवळच्या साध्या खुर्च्यांवर येऊन बसलो. तेथे दर्यापूरकडचे एक वृद्ध जोडपे बसले होते. आजी चाकाच्या खुर्चीत, आजोबा धोतर-कोटात. नातवाच्या बाळंतविड्याच्या सामानाची पिशवी मांडीवर. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी निघाले होते. दोन मिनिटांत तो प्रश्न आला. मूर्तिजापूर म्हणताच आजोबा म्हणाले, “मंग तं आपलेच!” आजीने डबा उघडला आणि दशमी पुढे केली. “घ्या नं भाऊ, घरचंच हाय.” बोलता बोलता शकुंतलेची गोष्ट निघाली. ही गाडीही गेल्या दशकात आधी एका फाट्यावर आणि मग दुसऱ्या फाट्यावर थांबली. तिचे रूळ रुंद व्हावेत या मागणीसाठी लोक वाट पाहत आहेत. आजोबा म्हणाले, “तिले दोन घंटे लागत, पन खिडकीतून वावरं तरी दिसत. हे विमान सोळा घंटे उडंल आन दिसंल काहीच नाही.” वर लाऊंजमध्ये जे विकत मिळत नव्हते, ते खाली फुकट वाटले जात होते, एवढे माझ्या ध्यानात आले. पण त्याबरोबर हेही ध्यानात आले की, आजींच्या पायांना सूज होती आणि मऊ खुर्ची खरोखर कोणाला हवी असेल तर ती त्यांना. आराम होता तेथे गरज नव्हती, आणि गरज होती तेथे आराम नव्हता. सोय ज्याच्या गरजेप्रमाणे व्हावी, ती ज्याच्या ऐपतीप्रमाणे झाली, की असेच होणार.

यावर आपल्या परंपरेने काय म्हटले आहे, हे पाहू गेल्यास दोन कथा समोर येतात. पहिली कठोपनिषदातली. नचिकेता यमाच्या घरी गेला तेव्हा यम घरी नव्हता. तीन रात्री तो मुलगा दाराशी उपाशी राहिला. यम परत आला तेव्हा घरच्यांनी त्याला सांगितले की, पाहुणा ताटकळला आहे. आणि यमाने काय केले? ज्याच्यासाठी साऱ्या सृष्टीने थांबावे, तो मृत्यू त्या पोराला नमस्कार करून म्हणाला की, तीन रात्री तू थांबलास, तेव्हा तीन वर माग. एका रात्रीला एक वर. आत्मविद्येच्या एवढ्या मोठ्या ग्रंथाचा आरंभ एका साध्या हिशेबाने झाला आहे. आपल्या गैरहजेरीत कोणाला थांबावे लागले, तर त्याची भरपाई देणे लागते, आणि ते देणे यमालाही चुकत नाही. युरोपात २००४ साली कायदा झाला की, विमान रद्द झाल्यास कंपनीने प्रवाशाला जेवण, मुक्काम आणि ठरावीक परिस्थितीत रोख भरपाई द्यावी. तो वाचताना मला यमाच्या दाराची आठवण झाली. फरक इतकाच की यमाने वकिलाची वाट पाहिली नाही.

दुसरी कथा आपल्या घरोघरची. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता, आणि साक्षात पांडुरंग दाराशी आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. हाताशी असलेली वीट मागे फेकली आणि देवाला त्यावर उभे राहायला सांगितले. अठ्ठावीस युगे झाली, देव उभाच आहे असे आपण मानतो. १९५३ साली पॅरिसमध्ये सॅम्युएल बेकेटचे एक नाटक रंगभूमीवर आले. त्यात दोन माणसे रस्त्याकडेला कोणा गोदोची वाट पाहतात, आणि तो येतच नाही. विसाव्या शतकातल्या माणसाला त्यात आपले चित्र दिसले. आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे. येथे देव येऊन उभा आहे आणि माणूसच मागे वळून पाहायचा थांबला आहे.

लहानपणापासून ही कथा मातृपितृभक्तीची म्हणून आपण ऐकतो. ती आहेच. पण मला त्यात थांबण्याची आणि थांबवण्याची सारी नीती सापडते. पहिली गोष्ट, थांबायचे कोणी? दाराशी देव होता, समर्थ होता. घरात म्हातारी माणसे होती, थकलेली होती. पुंडलिकाने समर्थाला थांबवले, दुर्बलांना नव्हे. आपण बहुधा याच्या उलट करतो. साहेब आले की आईच्या औषधाला उशीर होतो. दुसरी गोष्ट, पुंडलिकाने देवाला नुसते थांबवले नाही, त्याच्या पायाखाली वीट दिली. घरात चौरंग नव्हता, पाट नव्हता. हाताशी होते ते दिले. ती वीट म्हणजे, तू उभा आहेस हे मला ठाऊक आहे, तुझे पाय चिखलात आहेत हे मला दिसते आहे, असा निरोप होता. मऊ खुर्चीची किंमत मोठी. पण त्या विटेत जी दखल होती ती खुर्चीत असतेच असे नाही. आणि तिसरी गोष्ट देवाच्या बाजूची. तो रागावला नाही. आपल्यापेक्षा ज्यांची गरज मोठी आहे त्यांची सेवा चालली आहे, हे त्याला पटले. ज्याला कारण पटते, तो तिष्ठत नाही. तो वाट पाहतो.

या विटा पुढे ज्याने सर्वांत जास्त रचल्या, तो माणूस आमच्याच मुलुखातला. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा, पण त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी केली, कारण देवाच्या दाराशीसुद्धा ज्यांना टेकायला जागा नव्हती असे लोक त्यांना दिसत होते. मूर्तिजापुरासही त्यांनी धर्मशाळा बांधली. मुंबईला दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे नातलग आजही उतरतात. रोग्याला डॉक्टर बरे करतील, की नाही करतील. पण तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस त्या गावाकडच्या माणसाने कोठे काढायचे? फूटपाथवर? बाबांनी या प्रश्नाला दगडविटांनी उत्तर दिले. लाऊंज आणि धर्मशाळा, दोन्ही थांबणाऱ्यांसाठीच आहेत. एकीच्या दाराशी तुमच्याजवळ काय आहे हे पाहतात, दुसरीच्या दाराशी तुमच्याजवळ काय नाही हे पाहतात. एका संस्कृतीने दोन्ही बांधावीत, यात मला वावगे वाटत नाही. पण तिने पहिलीच बांधत राहावे आणि दुसरी विसरावी, हे मात्र मला भयाचे वाटते.

येथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे वजनदार आहे, की तुमची ही वीट फसवीही असू शकते. बाक दिला, पंखा लावला, पाण्याचा माठ ठेवला, आणि काम मात्र कधीच केले नाही, असे होत नाही काय? होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून १९३० पासून १९३५ पर्यंत सत्याग्रह चालला. दार उघडले नाही. थोडे थांबा, समाजाचे मन वळू द्या, असे सांगणाऱ्यांची तेव्हा वाण नव्हती. अमेरिकेत मार्टिन लूथर किंग यांनाही असेच सल्ले मिळाले, आणि १९६४ साली त्यांना आम्ही का थांबू शकत नाही याच विषयावर पुस्तक लिहावे लागले. जे मुळात हक्काचेच आहे, त्यासाठी थांबायला सांगणे म्हणजे चोराने मालकाला रांगेत उभे करणे होय. अशा ठिकाणी वीट देणे ही दया नव्हे, तो कावा आहे. तेथे थांबू नये. आणि कोणी थांबत नसेल तर त्याला उतावळा म्हणू नये.

मग खरी वीट आणि फसवी वीट ओळखायची कशी? माझी कसोटी साधी आहे. थांबवणारा कोणत्या कामात गुंतला आहे ते पाहावे. तो आपल्याहून दुबळ्या कोणाची सेवा करीत असेल, दवाखान्यात आधी अपघाताचा रोगी घेत असेल, तर त्याची वीट खरी. आपल्या बाहेर किती लोक बसले आहेत, हे मोजण्यातच त्याला मोठेपणा वाटत असेल, तर त्याची वीट खोटी, मग ती संगमरवराची का असेना.

आणि हा न्याय घरालाही लावून पाहावा. दिवाळीच्या दिवसांत तर अवश्य. पूर्वी सासरी गेलेली लेक दिवाळीला मुराळ्याची वाट पाही. भाऊ न्यायला येणार म्हणून ती चार दिवस आधीपासून दाराशी घुटमळे. शकुंतलेच्या शिटीवर तिचे कान असत. भाऊ एक दिवस उशिरा आला तर तिची किती घालमेल होई, हे त्याला कधी कळलेच नाही, कारण तिने ते सांगितले नाही. आता लेक स्वतःच्या गाडीने येते, हे चांगलेच झाले. पण वाट पाहण्याचे काम घरातून गेले नाही, ते फक्त दुसऱ्या माणसाकडे गेले. आता आईबाप वाट पाहतात. कॅलिफोर्नियात रात्र असते तेव्हा वऱ्हाडात दिवस असतो. लक्ष्मीपूजनाला मुलगा फोनवर येणार म्हणून ती दोघे नवे कपडे घालून, पणत्या लावून, तो लहानसा पडदा समोर ठेवून बसतात. मुलाला काम असते, तेही खोटे नसते. पण अर्धा तास उशीर होणार असेल, तर तसा दोन ओळींचा निरोप आधी धाडावा. तीच त्याची वीट. परदेशातून पाठवलेल्या भेटीच्या खोक्यापेक्षा त्या दोन ओळींनी म्हाताऱ्यांचे पाय जास्त कोरडे राहतील.

आपल्या दाराशीही या चार दिवसांत माणसे येतात. पोस्त मागायला पोस्टमन येतो, कचरा नेणारी बाई येते, दूधवाला येतो, पेपर टाकणारा पोरगा येतो. आपण फराळाच्या ताटावर असतो, पाहुण्यांत असतो. “थांब जरा,” असे आतून ओरडून सांगतो. थांबवणे प्रत्येक वेळी टाळता येणार नाही. पण तो पोरगा बारा घरी असाच थांबत आला आहे आणि त्याच्या घरीही आज दिवाळी आहे. कोणी तरी उठून दाराशी जावे, त्याला ओट्यावर बसायला सांगावे, हातावर चकली-करंजी ठेवावी आणि विचारावे, “कोणत्या गावचा रे तू?”